कोपऱ्यातला बेडूक

टोणपे सरांनी उजव्या हाताचा अंगठा तोंडात घातला. नुसता ओठाला लावला असं नाही. पहिल्या पेरापर्यंत आत घातला, डाव्या गालात तंबाखू मुरत पडली होती तिथून फिरवून आणला, बाहेर काढला आणि माझ्या हंसाच्या डोक्याशी, पुठ्ठ्याच्या वरच्या कोपऱ्यात दाबला.

"व्हॉट इज दिस?"

"दिस इज अ स्वॉन," अख्खी आठवी एका सुरात म्हणाली.

"इज दिस अ केटल?"

"नो. इट इज नॉट अ केटल. इट इज अ स्वॉन."

सरांनी ओल्या अंगठ्यानं हंस ओढून गठ्ठ्याच्या मागं सारला. पुढं छत्री आली. अंगठा परत तोंडात गेला. मी खिडकीबाहेर उभा होतो, आणि एकेका कार्डाला किती थुंकी लागते ते मोजत होतो.

मी म्हणजे रंगनाथ उंबर्जे, हिवरगावच्या हायस्कुलातला ड्रॉइंग मास्तर. मास्तर कसला, हंगामी. त्याआधी मी जत्रेत फोटो काढणाऱ्यांचे पडदे रंगवायचो. सोलापूरपासून गाणगापूरपर्यंत ज्यानं ज्यानं विमानात बसून फोटो काढून घेतला, ते विमान माझं. खोटं वाटत असेल तर घरातला जुना फोटो काढून बघा. विमानाचं एक चाक मी कायम विसरायचो.

हेडमास्तर जवळगेकरांनी मला जत्रेतून उचलून शाळेत आणलं ते इंग्रजीच्या नव्या पद्धतीसाठी. तेव्हा आमच्याकडं आठवीला इंग्रजी नव्यानं लागायचं, आणि वरून हुकूम आला होता की इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द काढायचा नाही. चित्र दाखवायचं, वाक्य म्हणायचं, पोरांकडून म्हणवून घ्यायचं. मग उलट विचारायचं, मग गाळलेल्या जागा भरून घ्यायच्या. पद्धत पार विलायतेहून आली होती, आणि तिच्याबरोबर वस्तूही तिकडूनच आल्या होत्या. केटल, स्वॉन, मफलर, लाइटहाउस. ज्या गावात बायका हंड्याभर पाण्यासाठी मैलभर चालायच्या, तिथल्या पोरांसाठी मी समुद्रातलं दीपगृह रंगवलं, लाटांसकट. समुद्र मीही बघितलेला नव्हता. हंसही नव्हता बघितला. तो मी बिस्किटाच्या डब्यावरून उतरवला होता. पण उतरवला असा, की हेडमास्तर म्हणाले, "उंबर्जे, हा उडून जाईल हो."

आणि जागेचं असं होतं की चित्रांचा उपयोग होतो हे इन्स्पेक्टर साहेबाला दिसलं तर ड्रॉइंग मास्तरची जागा कायम. नाही दिसलं तर मी परत जत्रेत. जत्रेत जायला माझी ना नव्हती, पण अक्कलकोटचे एक कंपाउंडर होते, त्यांची मुलगी वत्सला मला पसंत होती, आणि तिलाही मी चालत होतो. कंपाउंडर मात्र औषधासारखं मोजून बोलायचे. "कायम झालात की सुपारी फोडू," म्हणाले. "हंगामी जावई मला नको."

तेव्हा त्या पुठ्ठ्यांवर माझा सगळा संसार रंगवलेला होता. आणि टोणपे सर त्याला रोज थुंकी लावत होते.

एकदा धीर करून बोललो.

"टोणपे सर, एक विनंती आहे."

"बोला ड्रॉइंगसर." तोंडातलं सांडू नये म्हणून ते मान वर करून बोलायचे, त्यामुळं त्यांचं प्रत्येक वाक्य रांजणातून आल्यासारखं यायचं.

"तेवढा अंगठा कोरडा ठेवता आला तर बघा."

"कोरड्या अंगठ्याला पुठ्ठा सुटतो का? तुमचा रंगच चिकट."

"मग एक ओलं फडकं ठेवा जवळ."

"फडकं कोण धुणार?" त्यांनी खिडकीशी जाऊन एक पिंक टाकली. त्या खिडकीखालची भिंत बघितली असतीत तर तुम्हाला वाटलं असतं, इथं कोणी काकवीच्या कढया उलथल्यात. "आणि एवढी किळस कशाची वाटते तुम्हाला? पोथी वाचणाराही बोटाला थुंकी लावूनच पान उलटतो. ही आमची विद्येची थुंकी आहे."

विद्येची थुंकी. मी घरी जाऊन साबणानं कान धुतले.

दिवाळीपर्यंत एकेका कार्डाच्या कोपऱ्यावर थरावर थर चढले. मध्ये पिवळट, कडेला काळपट. वाळला की पापुद्रा धरायचा, हवा दमट झाली की पुन्हा चिकट व्हायचा. माशांचं सांगतो, मी सफरचंद इतकं लालबुंद रंगवलं होतं, पण एकही माशी कधी सफरचंदावर बसली नाही. सगळ्या डागावर. आणि माणसाचा डोळा मोठा हलकट असतो बघा, जिथं बघू नये तिथंच जातो. मला माझ्या चित्रांपेक्षा ते डाग पाठ झाले. कुठला कुठं फुगलाय, कुठल्याला शेपूट फुटलंय, कुठला खाली ओघळलाय, सगळं. डोळे मिटले तरी हंसाऐवजी डागच दिसायचा.

अशात एक दिवस हेडमास्तरांनी मला आणि टोणपे सरांना बोलावलं. जवळगेकर भला माणूस, पण इन्स्पेक्शन म्हटलं की त्यांची टोपी डोक्यावर राहायची नाही. सारखी काढायचे, घालायचे.

"मुळगुंद साहेब येतायत," टोपी काढून ते म्हणाले. "नव्या पद्धतीचा पाठ बघणार. आणि साहेब म्हणजे कसे आहेत, ठाऊक आहे? वळसंगकडच्या एका शाळेत भिंतीवर पिंक दिसली, तर जीपमधून उतरले नाहीत. तशीच जीप वळवली. खिशात दोन रुमाल असतात त्यांच्या. एक हात पुसायला आणि दुसरा पहिला रुमाल पुसायला."

"मग कार्डं बघा एकदा," मी म्हणालो. संधी सोडतो कशाला?

कार्डांचा गठ्ठा टेबलावर होता. हेडमास्तरांनी पट्टीच्या टोकानं वरचं कार्ड उचललं, वास आला तशी पट्टी टाकून दिली आणि टोपी नाकाला लावली.

"शिव शिव. टोणपे, हे काय? हे साहेबाच्या हातात द्यायचं?"

"वापरातली वस्तू आहे, मळणारच," टोणपे सर म्हणाले.

"उंबर्जे, सगळी नवी करा. अगदी तश्शीच, फक्त स्वच्छ. आणि टोणपे, त्या दिवशी तंबाखू बंद. सकाळी आलात की चंची माझ्या कपाटात. किल्ली माझ्या जानव्याला."

मला स्वर्ग दोन बोटं उरला. आठवडाभर शाळा सुटली की मी उन्हं असेतो बसून सगळा संच पुन्हा रंगवला. चित्रं तीच, आकार तोच, पण हात बसलेला. हंसाच्या मानेला तर असा बाक आला की बिस्किटवाल्यानं पाय धरले असते. मग जुना गठ्ठा चिमट्यानं धरून मी शाळेमागच्या खड्ड्यात नेला आणि जाळला. धुराचा असा भपकारा सुटला की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीनं दोन दिवस दूध दिलं नाही. विचारा कोणालाही. म्हणजे आता विचारायला कोणी राहिलेलं नाही, पण नाही दिलं.

साहेबाची जीप सकाळीच आली. मुळगुंद साहेब पांढऱ्या खादीत, हातात काळी छत्री, चेहरा धुतलेल्या ताटासारखा. खुर्चीवर बसण्याआधी खुर्ची पुसली. भिंत बघितली, ती आम्ही आदल्या दिवशी चुन्यानं रंगवून घेतली होती. मान हलवली. माझी ओळख करून दिली तेव्हा मी हात जोडले. साहेबांनी माझी नखं बघितली.

"तुम्ही चित्रं काढता?"

"होय साहेब."

"नखात रंग नाही. छान."

टोणपे सर फळ्यापाशी उभे होते. तंबाखू नाही म्हणून बिचाऱ्यांचा चेहरा पोटिस लावल्यासारखा झाला होता. एकामागून एक जांभया येत होत्या. त्यांनी सवयीनं अंगठा तोंडाकडं नेला, हेडमास्तर खाकरले, अंगठा खाली आला. नवं कार्ड कोरं करकरीत, विनाथुंकीचं सुटून आलं. हंस वर्गापुढं धरला.

"व्हॉट इज दिस?"

वर्ग गप्प.

सरांना वाटलं ऐकू गेलं नाही. "व्हॉट... इज... दिस?"

पोरं कार्डाकडं बघत होती. म्हणजे बघत होती खरी, पण डोळे वर कुठंतरी लागलेले, जसं गाभाऱ्यात गेल्यावर देवच नसावा. पहिल्या बाकावर सुगंधा कलशेट्टी म्हणून एक पोरगी होती, तेल्याची, वर्गात सगळ्यात चलाख. तीसुद्धा मान इकडून तिकडून वाकडी करून बघत होती.

सरांनी छत्री काढली. गप्प. केटल काढली. एका पोरानं भीतभीत "दिस इज..." म्हटलं आणि शेजाऱ्याकडं बघितलं. शेजाऱ्यानं मान हलवली. दोघं गप्प. सरांच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला.

साहेब उठले. टोणपे सरांच्या हातून हंस घेतला, लांब धरून बघितला.

"हे काय आहे, ड्रॉइंगमास्तर? बदक?"

"हंस आहे साहेब."

"हंस." साहेबांनी कार्ड टेबलावर ठेवलं आणि रुमालाला बोटं पुसली. "म्हणजे मलाही ओळखू आला नाही, तर पोरांचं काय? हेडमास्तर, मी दोन तालुक्यांतून सांगत आलोय, ही चित्रांची थेरं आपल्याकडं चालायची नाहीत. पोरं चित्र बघत नाहीत. उगाच एक जागा अडते."

जागा अडते. मला अक्कलकोटचे कंपाउंडर दिसले, सुपारी परत डब्यात ठेवताना.

"साहेब, पोरं बुजली आहेत," हेडमास्तरांची टोपी डोक्यावर आणि हातात अशी चालली होती. "उपमा गरम आहे. चहा घेऊ, मग एकदा बघा. मग काय तो शेरा."

"बघू," साहेब म्हणाले. "उपम्यात केस नसला म्हणजे झालं."

दोघं ऑफिसात गेले. मी दार लोटून घेतलं आणि हंस घेऊन पहिल्या बाकासमोर उभा राहिलो. आवाज चढवला नाही, पण दात चावून बोललो.

"सुगंधे, हे काय आहे?"

"ठावं न्हाई सर."

"रोज म्हणता तुम्ही. स्वॉन. मी खिडकीतून ऐकतो की."

"सर, पण ह्याच्यावर बेडूक कुठाय?"

"कसला बेडूक?"

"चिरडलेला." तिनं बोटानं वरचा कोपरा दाखवला. "हितं असतुय की. चिरडलेला बेडूक म्हंजी स्वॉन."

"आन् दोन झुरळं म्हंजी केटल," मागून एक जण म्हणाला.

"मारुतीचं शेपूट म्हंजी लाइटहाउस."

"गळकी मोट म्हंजी अंब्रेला."

आता त्यांना कंठ फुटला. सगळी आठवी एकदम सांगायला लागली, कुठला डाग म्हणजे कुठलं इंग्रजी. मी पुठ्ठा हातात धरून ऐकत होतो. वर्षभर. वर्षभर मी लाटा रंगवल्या, पिसं रंगवली, केटलच्या तोटीतून वाफ काढली, आणि त्यातलं एकाही पोरानं काही बघितलं नव्हतं. सगळी आठवी टोणपे सरांची थुंकी वाचत होती.

"आणि हा मधला पक्षी?" मी हंसावर हात ठेवून विचारलं. "हा काय वाटला तुम्हाला?"

सुगंधानं जरा विचार केला. "ती नक्षी हाय न्हवं? लग्नपत्रिकेवर गणपती असतुय तसली?"

टोणपे सर भिंतीला टेकून खाली बसले होते. "चला, म्हणजे माझ्या शिकवण्यात खोट नाही," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला होता. मला त्यांचा गळा धरावासा वाटला, पण तितकं जवळ जायची किळस आली.

पळत जाऊन मी रंगपेटी आणली. तपकिरी घेतला, त्यात जरा पिवळा, कडेला काळा, आणि हंसाच्या कोपऱ्यात बेडूक काढला. मला तो तंतोतंत आठवत होता.

"हे बघा. काय आहे?"

सगळी आठवी पुढं झुकली.

"न्हाई सर," सुगंधा म्हणाली, माझं मन राखत. "ह्यो रंगवलेला बेडूक हाय."

"मग?"

"त्यो कसा, मधी चकाकतुय. कडंला वाळलाय, मधी वला हाय. आन् त्येला वास हाय."

मी तो बेडूक फडक्यानं पुसला आणि टोणपे सरांकडं वळलो. "सर, उठा. लावा थुंकी. आयुष्यात पहिल्यांदा विनवतो तुम्हाला."

"चंची कपाटात आहे," ते म्हणाले. मग हळूच टोपी काढली, घडी उलगडली आणि आतून एक पुडी आणि चुन्याची डबी काढली. "हे आपलं अडीअडचणीला." चिमूट तोंडाकडं नेली, तेवढ्यात दारावर शिपाई. "टोणपे सर, साहेबांनी बोलवलंय. पाठाचं टाचण घिऊन या म्हनले."

टोणपे सरांनी चिमटीकडं बघितलं, दाराकडं बघितलं. मग ती पुडी माझ्या हातात ठेवली, श्राद्धाला पिंड ठेवतात तशी.

"पण मला डाग आठवत नाहीत हो," जाताना ते म्हणाले. "मी कधी बघितलेच नाहीत. तुम्हीच काय ते बघत होता."

ते खरं होतं. पोरं सोडली तर त्या अख्ख्या गावात ते डाग पाठ असलेला माणूस एकच होता.

काय सांगू. तोवर मी सुपारीसुद्धा खाल्लेली नव्हती. चुना जास्त पडला. गालात ठेवली आणि आतून कोणीतरी काडी ओढल्यासारखं झालं. तोंडात लाळ सुटली ती कोमट, कडू, लोखंडासारखी, आणि ती माझीच होती हे आठवून आणखी मळमळलं. डोकं जत्रेतल्या पाळण्यासारखं फिरायला लागलं. फळा डावीकडं गेला. मी अंगठा तोंडात घातला, पहिल्या पेरापर्यंत, गालातून फिरवून आणला, आणि माझ्या नव्या कोऱ्या हंसावर टेकवला.

"जरा वर सर," सुगंधा म्हणाली.

वर घेतला.

"आता दाबा. मागली तंगडी अजून लांब पायजे."

"मधी दाट," दुसरं कोणी म्हणालं. "कडंला पातळ. अस्सं."

सगळी आठवी माझ्याभोवती गोळा झाली होती. कोणी पुठ्ठा धरतंय, कोणी फुंकर घालून कडा वाळवतंय, कोणी मान तिरकी करून लांबून बघतंय. एवढं मन लावून माझं चित्र काढणं कोणी बघितलं नव्हतं, अगदी विमानसुद्धा. बेडूक झाला, झुरळं झाली, मारुतीचं शेपूट झालं. गळक्या मोटेला तीनदा थुंकी लागली. प्रत्येक डाग उतरला की मला उमासा यायचा, आणि प्रत्येक डाग उतरला की पोरं म्हणायची, "हां, जमलं."

व्हरांड्यात पावलं वाजली. पोरं बाकांवर, मी कोपऱ्यात. गालातली गोळी थुंकायला खिडकीशी जावं तर भिंत चुन्याची, पांढरी. गिळावी तर प्राण जाणार. मी तोंड मिटून उभा राहिलो.

"चालू द्या," साहेब म्हणाले.

टोणपे सरांनी हंस धरला. कोपऱ्यात बेडूक चकाकत होता.

"व्हॉट इज दिस?"

"दिस इज अ स्वॉन," आठवी गरजली. वरचं कौल हललं, मातीचा खडा साहेबांच्या खांद्यावर पडला.

"इज दिस अ मफलर?"

"नो. इट इज नॉट अ मफलर. इट इज अ स्वॉन."

केटल. लाइटहाउस. अंब्रेला. कार्ड वर यायच्या आत उत्तर. सुगंधानं तर सरांनी न विचारता गाळलेल्या जागा भरल्या. हेडमास्तरांची टोपी डोक्यावर स्थिर झाली. साहेब खुर्चीच्या कडेला आले. "आश्चर्य आहे," म्हणाले. "आणा, मी विचारतो."

आणि त्यांनी गठ्ठा स्वतःच्या हातात घेतला.

डाग ओले होते. साहेबांचा अंगठा नेमका बेडकावर पडला. त्यांना ते लागलं. त्यांनी अंगठा उचलून बघितला.

"हे ओलं काय आहे?"

हेडमास्तरांनी माझ्याकडं बघितलं. टोणपे सरांनी माझ्याकडं बघितलं. साहेबांनीही बघितलं. उत्तर द्यायचं तर तोंड उघडायला हवं, आणि तोंड उघडलं तर उत्तर आपोआपच मिळालं असतं. मी डोळे मिटले, कुलदैवताचं नाव घेतलं आणि सगळं गिळलं. घशातून निखारा उतरावा तसं ते उतरलं.

"वॉर्निश, साहेब," मी म्हणालो. "रंग टिकावा म्हणून."

"हूं."

साहेब पुढचं कार्ड ओढायला गेले. पुठ्ठा चिकटला होता. आणि मग, मी देवाशपथ सांगतो, त्या दोन रुमालांच्या माणसानं, लहानपणापासून सगळ्या जगाला असते त्या सवयीनं, तोच अंगठा जिभेला लावला.

हेडमास्तरांनी भिंत धरली. माझ्या पोटात निखाऱ्याशेजारी भाकरी उभी राहिली. साहेब मात्र थांबले होते. अंगठा ओठावर तसाच. डोळे हळूहळू मिटत गेले, भजनात माणसाचे मिटतात तसे.

मग त्यांनी कार्ड उलटलं. "व्हॉट इज दिस?" आवाज मऊ झाला होता. "दिस इज अ केटल." अंगठा केटलच्या कोपऱ्यावर गेला, तिथून जिभेवर गेला. पुढचं कार्ड. लाइटहाउस. परत जिभेवर. माझी थुंकी, ज्या थुंकीची मलाच किळस येत होती, तो माणूस एकेका कोपऱ्यावरून चाखत, चवीचवीनं अख्खा संच संपवत गेला. आणि पोरं मोठ्यानं इंग्रजी म्हणत होती.

मी बाहेर पळालो ते थेट बोरीच्या झाडामागं.

परत आलो तर साहेब जीपपाशी उभे होते. शेरा लिहून झाला होता. हेडमास्तर माझ्याकडं बघून हसत होते. साहेबांनी मला बाजूला घेतलं. रुमालाला अंगठा पुसला, पण अर्धवटच.

"ड्रॉइंगमास्तर, तुमची जागा कायम केली आहे."

"उपकार झाले साहेब."

"बायकोनं शपथ घातली तेव्हापासून सुटलं होतं हो. कोणी खाताना दिसलं की जीव कासावीस होतो, म्हणून भिंतीसुद्धा बघवत नाहीत." ते इकडंतिकडं बघून माझ्या कानाशी आले. "वॉर्निशची पुडी शिल्लक आहे?"

मी टोणपे सरांची पुडी दिली. त्यांनी ती दुसऱ्या रुमालात बांधली.

जीपमध्ये चढता चढता त्यांची कळी खुलली होती. दारात पोरं उभी होती. साहेबांनी आपली काळी छत्री उचलून धरली. "व्हॉट इज दिस?"

पोरांनी छत्रीकडं बघितलं. मग सगळ्यांचे डोळे हळूहळू वर, छत्रीच्या टोकाशी गेले. तिथं काही नव्हतं.

"लाजतात पोरं," साहेब म्हणाले, आणि जीप गेली.

सुपारी फुटली. वत्सला घरात आली, आणि तिच्या मागोमाग तंबाखू आली. कारण पुढच्या वर्षी कार्डांवरचे डाग वाळले, टोणपे सर निवृत्त झाले, नव्या मास्तरला व्यसन नव्हतं, आणि डाग ताजे ठेवणारं शाळेत दुसरं कोणी नव्हतं. तोंड धुवून आल्याशिवाय वत्सलानं मला कधी ताट वाढलं नाही. आता दात गेले, ती गेली, तंबाखू आहे.

परवा तालुक्याच्या एसटी स्टँडवर बसलो होतो. गाडी येईना. तोंड भरलं होतं. इकडंतिकडं बघून मी कोपऱ्यातल्या भिंतीवर मोकळा झालो. मागून बाईमाणसाचा आवाज आला, साहेबी वळणाचा.

"आजोबा, शिकलेले दिसता. समोरची पाटी वाचता येत नाही?"

पाटीवर लिहिलं होतं, येथे थुंकू नये.

"येते की," मी म्हणालो. "मीच रंगवलीय ती."

बाई पुढं आली. खांद्यावर शाल, डोक्यात पांढरं, हातात किल्ल्यांचा जुडगा; मागं शिपाई अदबीनं उभा. स्टँडची मुख्य होती. पावतीपुस्तक काढतच होती, तेवढ्यात तिनं माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं.

"ड्रॉइंगसर?"

"सुगंधा? कलशेट्ट्यांची?"

ती हसली नाही. माझ्याकडून तिची नजर भिंतीकडं गेली. मान जराशी तिरकी झाली, डावीकडं, मग उजवीकडं. मला एकदम पहिला बाक दिसला.

"मागची तंगडी आखूड झालीय, सर," ती म्हणाली. "पण दिस इज अ स्वॉन."

मी चष्मा पुसून बघितलं. होता खरा.

मग तिनं शिपायाकडून बादली आणि खराटा मागवला आणि दोन्ही माझ्यासमोर ठेवून ती आपल्या कामाला निघून गेली. मी उठलो, खराटा बुडवला आणि तंगडीपासून सुरुवात केली.